शाळा सोडण्याचे कारण

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जे अनेक रकाने असतात, त्यांत विद्यार्थ्याचे नाव, आईचे नाव, जन्मतारीख, अभ्यासातील प्रगती आणि वर्तणूक यांच्या जोडीला 'शाळा सोडण्याचे कारण' असाही एक रकाना असतो. वर्तणुकीपुढे बहुधा 'चांगली' असे लिहिलेले असते आणि कारणापुढे 'पालकांच्या विनंतीवरून'. हे शब्द लिहिण्यास अर्धे मिनिट पुरते. परंतु त्या अर्ध्या मिनिटात एका कुटुंबाचा वर्षभराचा जमाखर्च, त्याची अडचण किंवा त्याची आकांक्षा कागदावरून पुसली जाते. शेतात विहीर लागली म्हणून मूल शाळा बदलते आणि विहीर आटली म्हणूनही बदलते. दाखला मात्र दोघांना एकच मिळतो. मुलांच्या शाळाबदलाचा विचार आपल्याकडे फारसा झालेला नाही, याचे मूळ या रकान्यात आहे.

पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यातील बेल्हे हे गाव या प्रश्नाचा अभ्यास करण्यास योग्य ठिकाण आहे. पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर हे दोन रस्ते आळेफाट्यावर एकमेकांस छेदतात. तेथून नगरच्या दिशेने निघाले की बेल्हे लागते आणि पुढे आणे पठाराचा चढ सुरू होतो. सोमवारच्या बाजारामुळे, विशेषतः बैलांच्या खरेदी-विक्रीमुळे, हे गाव पंचक्रोशीच्या बाहेरही माहीत आहे. भूगोलाच्या दृष्टीने पाहिले तर हा परिसर एका सीमारेषेवर वसलेला आहे. पश्चिमेस सह्याद्रीच्या कुशीतील भातशेतीचा आदिवासी टापू, मधल्या भागात कुकडी प्रकल्पाच्या धरणांनी भिजवलेला ऊस, कांदा व टोमॅटोचा सुपीक पट्टा आणि पूर्वेस पावसाच्या लहरीवर जगणारे पठार. एकाच तालुक्यात पाण्याची ही तीन राज्ये शेजारी शेजारी नांदतात. जेथे पाणी तेथे मजुरी, जेथे मजुरी तेथे माणूस, आणि माणसाच्या मागोमाग त्याचे मूल, असा हा प्रवाह आहे.

चार वाटा

या परिसरात मुले शाळा बदलतात ती मुख्यतः चार वाटांनी. पहिली वाट पश्चिमेकडून पूर्वेकडे येणारी. जुन्नर व आंबेगावच्या पश्चिम भागातील महादेव कोळी आणि ठाकर कुटुंबांची भातकापणी कार्तिकाच्या सुमारास उरकते. खाचरातील एका पिकावर वर्ष निघत नाही, म्हणून ही कुटुंबे बागायती पट्ट्यात कांद्याच्या लागवडीला, पुढे काढणीला येतात. दुसरी वाट त्याहून दूरची. तालुक्यात विघ्नहर आणि शेजारच्या आंबेगावात भीमाशंकर हे सहकारी साखर कारखाने आहेत. त्यांचा गाळप हंगाम सुरू होण्याच्या सुमारास बीड, अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) आदी जिल्ह्यांतून ऊसतोड मजूर येतात. मुकादमाकडून उचल घेतलेली नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता, असा हिशेब असतो. या हिशेबात मुलाला जागा नसते. पण बैलगाडीत किंवा ट्रकमध्ये ते असतेच. थोरली मुलगी बरोबर आणली जाते, ती बहुधा धाकट्याला सांभाळण्यासाठी.

तिसरी वाट बाहेर जाणारी. जुन्नर-आंबेगावचा माणूस मुंबईला नवा नाही. गिरणीत, गोदीत, भाजीबाजारात त्याने पिढ्या घालवल्या. मुंबईच्या डबेवाल्यांतही याच भागातील आणि आसपासच्या तालुक्यांतील माणसे मोठ्या संख्येने आहेत. आता त्यांत चाकण-भोसरीच्या कारखान्यांची भर पडली आहे. बाप आधी जातो, खोलीची सोय झाली की मुले जातात, आणि रोजगार सुटला की मुले आधी परत येतात. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला आणि गिरणगावातील अनेक कुटुंबांनी गावाची वाट धरली. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली तेव्हा त्याच वाटेने पुढच्या पिढीची कुटुंबे परतली. दोन्ही वेळा घरातील मिळकत थांबली आणि त्याचा धक्का शाळेच्या हजेरीपटापर्यंत पोहोचला.

चौथी वाट जवळची आहे आणि ती मुळीच सक्तीची नाही. सकाळी वस्तीवरून पिवळी गाडी येते आणि बागायतदाराच्या, नोकरदाराच्या किंवा दुकानदाराच्या मुलांना इंग्रजी माध्यमाच्या शाळेत घेऊन जाते. जिल्हा परिषदेची शाळा वस्तीच्या बांधावरच असते, पण पालकाला ती नको असते. यातील बापाने कांद्याला भाव मिळालेल्या वर्षी मुलाला तेथे घातलेले असते आणि भाव पडलेल्या वर्षी फी थकल्यामुळे तो मुलाला पुन्हा गावच्या शाळेत आणण्याचा विचार करीत असतो. 'असर' या शैक्षणिक पाहणीच्या आकड्यांतही घराची ही चढउतार दिसते. ग्रामीण भारतातील ६ ते १४ वयोगटातील मुलांपैकी सरकारी शाळांत २०१८ मध्ये ६५.६ टक्के मुले होती. महासाथीनंतर, २०२२ मध्ये, हे प्रमाण ७२.९ टक्के झाले आणि २०२४ मध्ये ते पुन्हा ६७ टक्क्यांच्या आसपास उतरले. सरकारी शाळा सहा वर्षांत एकदा एकाएकी चांगल्या झाल्या आणि मग एकाएकी वाईट झाल्या, असे कोणी म्हणणार नाही. कुटुंबांच्या खिशाला ओहोटी लागली आणि नंतर थोडी भरती आली, हाच या आकड्यांचा सरळ अर्थ दिसतो.

दोन शाळाबदल, एक शब्द

या चार वाटा एकत्र पाहिल्या म्हणजे ध्यानात येते की शाळाबदल या एका शब्दाखाली दोन परस्परविरुद्ध गोष्टी दडलेल्या आहेत. एक निवडीचा शाळाबदल आणि दुसरा नाइलाजाचा. निवडीच्या शाळाबदलात कुटुंब आधी शाळा ठरवते आणि मग हलते. नाइलाजाच्या बदलात कुटुंब आधी हलते आणि शाळा सापडली तर सापडते. पहिल्यात मूल जूनमध्ये नव्या वर्गात बसते, गणवेश शिवलेला असतो, आईबाप दारापर्यंत सोडायला येतात. दुसऱ्यात मूल दिवाळीनंतर येते, पुस्तके गावी राहिलेली असतात आणि आईबाप पहाटेच फडात गेलेले असतात.

मजुरीसाठी झालेल्या स्थलांतराखेरीज घरातील इतर उलथापालथीही या दुसऱ्या प्रकारात मोडतात. बापाचा मृत्यू, आजारपणाचे कर्ज, नांदणे मोडून माहेरी आलेली आई, आजीकडे ठेवलेले भावंड अशी त्यांची यादी मोठी आहे. दोन मुलांना घेऊन माहेरी परतलेल्या बाईला दाखला आणायचा म्हणजे ज्या गावातून ती बाहेर पडली त्याच गावात पुन्हा जावे लागते. शाळेच्या कागदावर वर्षानुवर्षे बापाच्या नावालाच पहिले स्थान होते. १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या बालकांच्या शासकीय नोंदीत बापाच्या आधी आईचे नाव लिहिण्याचा राज्य शासनाने घेतलेला निर्णय या दृष्टीने स्वागतार्ह आहे; परंतु आज चौथीत-पाचवीत असलेल्या मुलांना त्याचा उपयोग होणारा नाही.

शाळाबदल म्हणजे नेहमी नुकसानच, असे मात्र समजू नये. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म महूचा. वडील रामजी लष्करातून निवृत्त झाल्यावर कुटुंब दापोलीस, मग साताऱ्यास आले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कूलच्या रजिस्टरात त्यांचे नाव दाखल झाले. आज हा दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. पुढे कुटुंब मुंबईस गेले आणि १९०७ मध्ये एल्फिन्स्टन हायस्कूलमधून ते मॅट्रिक झाले. या प्रवासात आईचे छत्र हरपले, घर बदलले, गाव बदलले, जातीचे चटके प्रत्येक ठिकाणी सोबत आले. तरी शिक्षण तुटले नाही, कारण मुलाचा अभ्यास हीच घराची पहिली गरज मानणारा बाप पाठीशी उभा होता. ज्या मुलाच्या पाठीशी असा बाप उभा राहू शकत नाही, कारण तो स्वतःच उचलीने बांधलेला आहे, त्याच्यासाठी ती जागा कोणी घ्यायची, हा समाजापुढील प्रश्न आहे.

कायद्याने दिले, मोजणीने नेले

कायदा या बाबतीत मुका नाही. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या पाचव्या कलमानुसार कोणत्याही कारणाने एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जावे लागणाऱ्या बालकास बदली मागण्याचा हक्क आहे. मुख्याध्यापकाने दाखला तत्काळ दिला पाहिजे. दाखला येण्यास उशीर झाला या सबबीवर नव्या शाळेला प्रवेश लांबवता वा नाकारता येत नाही. चौथ्या कलमाने वयानुरूप वर्गात प्रवेश आणि मागे पडलेल्यांसाठी विशेष प्रशिक्षण सांगितले आहे, तर नवव्या कलमाने स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांचा प्रवेश ही स्थानिक प्राधिकरणाची जबाबदारी ठरवली आहे. महाराष्ट्रात साखरशाळांचे प्रयोग झाले, स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी पत्रक आले, मुलांना गावीच ठेवून आईबापांना जाता यावे यासाठी हंगामी वसतिगृहे निघाली. २०२१ मध्ये ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजनाही जाहीर झाली.

आणखी एक अनुकूल गोष्ट आहे. १९६७ मध्ये स्थापन झालेल्या बालभारतीमुळे राज्यभर मराठी शाळांतून एकच पाठ्यपुस्तक चालते. बीडच्या तांड्यावरचा तिसरीतला मुलगा आणि बेल्ह्याच्या वस्तीवरचा तिसरीतला मुलगा एकच धडा वाचतो. म्हणजे अभ्यासक्रमाची भिंत मध्ये नाही. मग अडते कोठे?

अडते ते मोजणीत. शाळेला किती शिक्षक मिळणार हे संचमान्यतेने ठरते आणि संचमान्यतेचा आधार म्हणजे ३० सप्टेंबरचा पट. आता वर्षाचे चक्र डोळ्यांपुढे आणावे. ३० सप्टेंबरला ऊसतोड मजुराचे मूल अद्याप आपल्या गावी असते. गाळप हंगाम सुरू व्हायचा असतो. पश्चिमेकडील भाताची कापणी व्हायची असते, म्हणून आदिवासी कुटुंबही आपल्या पाड्यावर असते. या दिवशी मूल ज्या शाळेत मोजले जाते ती शाळा पुढील काही आठवड्यांत ओस पडते, आणि ज्या शाळेच्या शिवारात ते नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत राहते, त्या शाळेच्या मोजणीत ते नसतेच. शिक्षक तेथे, मूल येथे. पाटबंधाऱ्याच्या अधिकाऱ्याने आवर्तन सोडावे आणि ज्या महिन्यात शिवारात पीकच उभे नाही नेमका तोच महिना निवडावा, असा हा प्रकार आहे.

याचा परिणाम माणसांच्या वागण्यावर होतो. दोन शिक्षकी शाळेत पाच वर्ग सांभाळणाऱ्या गुरुजींकडे डिसेंबरात दहा नवी मुले आली, तर त्यांच्यासाठी जादा माणूस नाही आणि जादा पुस्तके नाहीत. ती मुले वार्षिक परीक्षेपूर्वी निघून जाण्याची शक्यताही मोठी. अशा वेळी गुरुजी त्या मुलांना वर्गात 'बसू देतात', त्यांचे नाव पटावर घेण्याची घाई करीत नाहीत. तिकडे मूळ गावच्या शिक्षकालाही पट टिकवायचा असतो, म्हणून त्याचे नाव तेथून निघत नाही. मूल कागदावर एका शाळेत आणि देहाने दुसऱ्या शाळेच्या आवारात, बहुधा आवाराबाहेरच, राहते. यात शिक्षकांच्या नीतीचा प्रश्न उभा करणे सोपे आहे. परंतु ज्या व्यवस्थेत कर्तव्य केल्याने भार वाढतो आणि न केल्याने काही बिघडत नाही, तेथे दोष आधी व्यवस्थेचा असतो.

राहणाऱ्यांचेही नुकसान

शाळाबदलाची झळ जाणाऱ्या मुलापुरतीच राहत नाही. एरिक हनुशेक, जॉन केन आणि स्टीव्हन रिव्हकिन या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील टेक्सास राज्यातील विद्यार्थ्यांचा अभ्यास करून २००४ मध्ये जो निष्कर्ष मांडला, तो येथे उद्बोधक आहे. विचारपूर्वक केलेल्या काही स्थलांतरांमुळे मुलाला अधिक चांगली शाळा मिळते, हे त्यांनी मान्य केले. पण ज्या शाळांत मुलांची येजा फार असते, तेथे न हललेल्या मुलांच्या शिक्षणाचेही नुकसान होते आणि त्याचा मोठा भार गरीब व अल्पसंख्य गटांतील मुलांवर पडतो, असे त्यांना आढळले. कारण उघड आहे. शिक्षक पुनःपुन्हा मागे वळतो, वर्ग पुनःपुन्हा नव्याने बसवावा लागतो.

निवडीच्या शाळाबदलालाही अशीच एक बाजू आहे. आल्बर्ट हर्शमन यांनी १९७० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले की, एखादी संस्था ढासळू लागली म्हणजे तिच्याविषयी सर्वांत जागरूक असलेली माणसे आधी बाहेर पडतात, आणि तक्रार करून ती सुधारू शकणारा आवाजच तिच्यातून नाहीसा होतो. सार्वजनिक शाळांचे उदाहरण त्यांनी स्वतःच दिले होते. आपल्या वस्त्यांवर हेच चालले आहे. ज्या पालकाला ग्रामसभेत उभे राहून शिक्षक मागता येतो, ज्याच्या शब्दाला पंचायत समितीत वजन आहे, त्याचे मूल पिवळ्या गाडीतून निघून गेले. मागे राहिली ती ज्यांना विचारण्याची सवय नाही त्यांची मुले. पट घटतो, पट घटला म्हणून शिक्षक घटतात आणि शिक्षक घटले म्हणून पट आणखी घटतो. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या समूह शाळा करण्याचा विचार राज्य शासनाने पुढे आणला, तेव्हा अशा शाळांची संख्या चौदा हजारांहून अधिक असल्याचे सांगण्यात आले. समूह शाळेत ग्रंथालय, क्रीडांगण आणि विषयवार शिक्षक मिळतील हा युक्तिवाद निराधार नाही. परंतु शाळा बंद होणे हाही एक शाळाबदलच आहे, आणि तो मुलाच्या घराने नव्हे तर शासनाने घडवलेला. जुन्नरच्या ऊसपट्ट्यात बिबट्याचा वावर आहे. तेथे सात-आठ वर्षांच्या मुलीला दीड-दोन किलोमीटर पायी पाठवावे की घरी ठेवावे, याचा निर्णय आईबाप फार विचार न करता घेतात आणि तो मुलीच्या बाजूचा नसतो.

करता येण्याजोगे

पालकांनी शाळा बदलू नये, असा उपदेश येथे व्यर्थ आहे. आपल्या मुलासाठी अधिक चांगले शोधण्याचा हक्क बागायतदाराला आहे, तसाच मजुरालाही असला पाहिजे. मुद्दा आहे तो नाइलाजाच्या शाळाबदलाची किंमत मुलाने एकट्याने का भरावी, हा. त्यासाठी फार मोठ्या खर्चाची जरूर नाही. काही गोष्टी साध्या कारभाराच्या आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे, ३० सप्टेंबरच्या जोडीला जानेवारीत दुसरी मोजणी व्हावी आणि ज्या शाळांत हंगामात मुले वाढतात, तेथे हंगामापुरता जादा शिक्षक व पुस्तकांचा जादा संच द्यावा. दोनदा मोजण्याचा खर्च आणि पट फुगवण्याचा धोका पुढे केला जाईल. परंतु आज प्रत्येक विद्यार्थ्याला क्रमांक आहे, त्याची नोंद संगणकावर आहे. एक मूल एकाच वेळी दोन ठिकाणी मोजले गेले तर ते उघडकीस येणे पूर्वीइतके कठीण राहिलेले नाही. उसाच्या प्रत्येक खेपेचे वजन काट्यावर करणाऱ्या राज्याला मुले वर्षातून दोनदा मोजणे जड जाऊ नये.

दुसरे, दाखल्यावरचे कारण खरे लिहिले जावे. मजुरी, दुष्काळ, पालकाचा मृत्यू, कौटुंबिक विभक्ती, फी न परवडणे, शाळा बंद होणे असे मोजके प्रकार ठरवावेत. कुटुंबाची लाज चव्हाट्यावर येऊ नये म्हणून ही नोंद मुलाच्या हातातील कागदावर न ठेवता शाळेच्या दप्तरी ठेवावी. पाच वर्षांच्या अशा नोंदी एकत्र केल्या तर कोणत्या गावातून, कोणत्या महिन्यात, कशामुळे मुले हलतात, हे तालुक्याच्या गटशिक्षणाधिकाऱ्याला टेबलावर दिसेल. आज त्याच्यापुढे केवळ 'पालकांची विनंती' आहे.

तिसरे, मुलाच्या मुक्कामाचा विचार व्हावा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यास वसतिगृह उभे केले, ते गरीब मुलाचा प्रश्न चुलीपासून सुरू होतो हे ओळखून. शाळेच्या जोडीला भाकरी आणि अंथरूण असेल तरच मूल टिकते, हा त्या कार्याचा धडा आहे. हंगामी वसतिगृहे हंगाम अर्धा सरल्यावर उघडून चालणार नाहीत; मजुरांचे ट्रक निघण्यापूर्वी ती उघडली पाहिजेत. मुलगी आजीकडे ठेवली तर तिच्या जेवणाची सोय होईल हे आईला निघण्यापूर्वी कळले पाहिजे, कारण निर्णय ती त्याच दिवशी घेते.

सोमवारी बेल्ह्याच्या बाजारात बैलाचा सौदा होतो तेव्हा त्याचे वय दातांवरून पाहिले जाते, खोड विचारली जाते, पूर्वीचा मालक कोण आणि विकण्याचे कारण काय याची चौकशी होते. कारणाची खात्री पटल्याशिवाय शेतकरी पैसे मोजत नाही. त्याच शिवारात डिसेंबरच्या एखाद्या सकाळी एक नवे मूल शाळेच्या दाराशी येऊन उभे राहते. ते कोठून आले, का आले आणि किती दिवस राहणार, एवढे तीन प्रश्न त्याला विचारून त्यांची उत्तरे कोणीतरी लिहून ठेवली, तर त्याच्या शिक्षणाची निम्मी तजवीज तेथेच होईल.